कानावरची विडी

२०१८ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या आज्याची विडी नाकारली.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. कसाऱ्याला लोकलमधून उतरून, विहीगावमार्गे जीपने खोडाळ्याला घरी आलो होतो. खळ्यावर भाताची झोडणी चालू होती आणि मी सकाळपासून भावकीतल्या माणसांबरोबर भारे वाहत होतो. दुपारी सगळे सावलीला टेकले. आज्याने कमरेची पिशवी सोडली, आपट्याच्या वाळक्या पानात चिमूटभर तंबाखू घालून विडी वळली आणि पहिली विडी माझ्यापुढे धरली. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं. आमच्यात पोराला विडी देत नाहीत, कामाच्या गड्याला देतात.

मी भाषण दिलं. धुराने फुप्फुसाचं काय होतं, तोंडाचा कॅन्सर कसा होतो, सगळं सांगितलं. वर 'आजा, तू पण सोड आता' हेही सांगितलं. आज्याने ऐकून घेतलं. हात तसाच पुढे होता. मग तो हात त्याने शेजारच्या माणसाकडे वळवला. कोणी काही बोललं नाही. एक काका तेवढा म्हणाला, "शिकेल आहे तो."

त्या वेळी घरात माझ्या बॅगेत, कपड्यांच्या तळाशी, सिगरेटचं अर्धं पाकीट होतं.

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. प्रोग्राम बिघडला की बिघडलेली ओळ शोधायची आणि मग संगणकाला विचारायचं, ही ओळ कोणी आणि कधी घातली? त्या आज्ञेचं नावच 'गिट ब्लेम' आहे. नावात दोषारोप असला तरी तिचा खरा उपयोग वेगळा असतो. ती ओळ घालणाऱ्याला तेव्हा कोणती अडचण सोडवायची होती, हे त्यातून कळतं. ते न समजता ओळ उडवली तर दुसरीकडे काहीतरी कोसळतं.

सिगरेट सोडायचा प्रयत्न करताना मी हीच आज्ञा आज्याच्या कमरेच्या पिशवीवर चालवून पाहिली. त्या पिशवीत तंबाखू कोणी घातली? कधी? आणि कोणती अडचण सोडवायला?

पान आपलं, तंबाखू पाहुणी

पिशवीतल्या दोन गोष्टींपैकी एक इथलीच. आपट्याचं झाड आमच्या रानात जागोजाग आहे. दसऱ्याला ज्याचं पान तुम्ही 'सोनं' म्हणून वाटता तेच. दोन दळांचं हे पान सावलीत वाळवतात, वळायच्या आधी जरा ओलसर करतात, मग ते न मोडता गुंडाळलं जातं. लहानपणी मला वाटायचं, की आजा सोनं जाळून पितो.

तंबाखू मात्र इथली नाही. १४९२ मध्ये कोलंबसाची माणसं कॅरिबियन बेटांवर उतरली तेव्हा तिथले लोक पानाच्या गुंडाळ्या पेटवून धूर ओढताना त्यांना दिसले. स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांतून हे झाड जगभर गेलं. आपला 'तंबाखू' हा शब्दही त्याच जहाजांतून आला. आज ज्याला पालघर जिल्हा म्हणतात त्यातली वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे किनारा त्यांचा आणि डोंगर आमचा, मध्ये दोन-तीन दिवसांची पायवाट.

१५६० च्या सुमारास लिस्बनमधल्या फ्रेंच वकिलाने, झां निको याने, हे नवं औषध म्हणून आपल्या राजदरबाराला पाठवलं. लिनियसने १७५३ मध्ये त्याच्या नावावरून झाडाला 'निकोटियाना' म्हटलं. १८२८ मध्ये हायडेलबर्गच्या पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी पानातलं मूळ द्रव्य वेगळं काढलं, ते निकोटिन. औषध पाठवणाऱ्या एका वकिलाचं नाव असं कायमचं विषाला चिकटलं.

हिंदुस्थानातला तंबाखूचा सगळ्यात गाजलेला प्रवेश मात्र दख्खनमधून झाला. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला वकिलीवर गेला होता. १६०४-०५ च्या सुमारास तो परतला तेव्हा त्याने बरोबर तंबाखू आणली आणि ती ओढायला रत्नजडित नळी बनवून बादशहापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने दोन-तीन झुरके घेतले. हकिमाने अडवलं. आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, तेव्हा ती शहाण्याने घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. असद बेगने वाद घातला, की प्रत्येक गोष्ट कधीतरी पहिल्यांदाच येते. अकबराने पुढे काही ती घेतली नाही. पण असद बेगने भरपूर माल आणला होता. त्याने तो दरबारातल्या सरदारांना भेट म्हणून वाटला, मग ज्याला त्याला हवी झाली आणि व्यापारी ती विकू लागले.

मला या हकिकतीत बादशहापेक्षा ही वाटावाट महत्त्वाची वाटते. पहिली चिमूट फुकट आणि मानाची असते. दुकान नंतर लागतं.

त्याच १६०४ साली इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका लिहिली. शिवाय तिच्या आयातीवरचा कर कितीतरी पटींनी वाढवला. इकडे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढायला बंदी केली. दोघांचंही कोणी ऐकलं नाही. पुढच्या राजांनी मग बंदीचा नाद सोडला आणि कराचा धरला.

आमच्या भागात या हिशेबाचं एक विचित्र टोक दिसतं. १८९२ मध्ये इंग्रज सरकारने मोहफुलांचा कायदा केला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्या-बाळगण्यावर बंधनं आणली, कारण लोक त्यांची दारू घरीच गाळत आणि सरकारी दारूचं उत्पन्न बुडे. ही फुलं आमच्याकडे पोटाला आधार म्हणूनही खात. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसला. आपल्या रानातलं फुकटचं फूल गुन्हा झालं आणि समुद्रापलीकडून आलेलं विकतचं पान सरकारी उत्पन्न झालं. नशा वाईट की चांगली हा प्रश्न या दोन्ही निर्णयांत फारसा नव्हता.

आपट्यावरून टेंभुर्णीवर

मला वाटायचं, की कारखान्यात होते ती खरी विडी आणि आज्याची ती गावठी नक्कल. झालंय उलटं.

विडीच्या धंद्याची कथा सहसा गुजरातपासून सांगतात. तिथले लोक घरच्या तंबाखूला आसितरीच्या पानात गुंडाळून ओढत. आसितरी म्हणजे आपला आपटाच. १८९९ च्या मोठ्या दुष्काळात, छप्पनियात, अनेक कुटुंबं गाव सोडून मध्य प्रांतात रेल्वेच्या कामांवर गेली. त्यांत मोहनलाल पटेल आणि हरगोविंददास पटेल हे जबलपूरला पोचले. तिथल्या जंगलात त्यांना टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं पान दिसलं. ते आपट्यापेक्षा रुंद, कापायला सोपं आणि टिकाऊ. १९०२ च्या सुमारास त्यांनी त्याच्या विड्यांचा धंदा मांडला. रेल्वे जसजशी पुढे गेली तसतसे विडीचे कारखाने गोंदिया, कामठी आणि पुढे पसरले. आमच्या नाशिकच्या बाजूला सिन्नरही विड्यांचं गाव झालं.

म्हणजे आज्याच्या हातात जी होती ती विडीची जुनी आवृत्ती. दुष्काळात घर सोडलेल्या मजुरांनी ती रानातून उचलून रेल्वेत बसवली, आणि काही दशकांनी ती बंडलात बांधून, वर चित्राचा कागद लावून, आमच्याच आठवडी बाजारात विकायला परत आली. आजा बाजारच्या विडीला 'बंडलाची' म्हणायचा, जसं शहरातली माणसं पिशवीतल्या दुधाला 'पिशवीचं' म्हणतात.

स्वदेशीच्या चळवळीत विडीला आणखी एक मान मिळाला. सिगरेट परदेशी म्हणून तिच्यावर बहिष्कार पडला आणि विडी देशी म्हणून चालली. सिगरेट साहेबाची आणि विडी आपली ही वाटणी तेव्हाची. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, वाटणी राहिली. फक्त 'आपली'चा अर्थ बदलून 'गरिबाची' झाला.

तब्येतीच्या हिशेबात मात्र ही वाटणी लागू नाही. विडीत तंबाखू सिगरेटपेक्षा कमी असते, म्हणून ती सौम्य, असा समज आहे. पण तिचं पान कागदासारखं हवेशीर नसतं आणि ती सारखी विझते. पेटती ठेवायला जोरात आणि वारंवार ओढावं लागतं. त्यामुळे एका झुरक्यामागे डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन सिगरेटपेक्षा कमी तर जात नाहीच, बहुतेकदा जास्त जातं. आजा ओढताना त्याचे गाल खोल जायचे, ते म्हातारपणामुळे असं मी समजत होतो.

एका विडीची सुट्टी

आज्याचा जन्म १९३८-३९ च्या आसपासचा. तारीख कोणाकडे नाही. तो लहान होता तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत वेठबिगार सर्रास होती. मुंबई सरकारसाठी आदिवासी भागांची पाहणी करणाऱ्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या शेवटी आपल्या अहवालात ते लिहून ठेवलं आहे. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांवर माणूस बायकोसकट वर्षानुवर्षं राबायचा, त्याला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी शामराव आणि गोदूताई परुळेकरांच्या साथीने याविरुद्ध उठाव केला, त्याची झळ आणि धीर दोन्ही डोंगराच्या या बाजूलाही पोचले.

आजा कळता झाला तो त्यानंतर. जंगलाच्या कुपावर लाकूडतोडीला, कोळशाच्या भट्टीवर, मग भिवंडीकडे वीटभट्टीवर, असं त्याचं आयुष्य गेलं. तंबाखूची सवय कधी लागली, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, कुपावर.

का? त्याचं उत्तर मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं होतं. मुकादम बसलेल्या माणसाला शिव्या घालायचा, पण विडी ओढणाऱ्याला घालत नसे. विडी संपेपर्यंत टेकायची मुभा होती. ज्याच्याकडे विडी नाही त्याला टेकायला कारण नाही. म्हणून बारा-तेरा वर्षांच्या पोराने विडी पेटवली. मुकादमच कधी कधी काम उरकावं म्हणून चार विड्या पुढे टाकायचा. 'हातात देत नव्हता, टाकायचा,' हे आजा दोनदा म्हणाला होता.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसखाली टपरी आहे. दर दोन तासांनी आमच्यातले पाच-सहा जण खाली उतरतात. मॅनेजर विचारत नाही, कारण तोही त्यांच्यातच असतो. सिगरेट न ओढणारी माझी एक मैत्रीण एकदा म्हणाली, "मी नुसती पंधरा मिनिटं खाली जाऊन उभी राहिले तर लोक विचारतात, बरं नाही का?" मला कुपावरचा मुकादम आठवला. सत्तर वर्षांत झाडांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. पण काही न करता पाच मिनिटं उभं राहण्याचा हक्क अजूनही हातात काहीतरी पेटलेलं असल्याशिवाय मिळत नाही.

दुसरी गोष्ट भुकेची. मोखाडा-जव्हार हे नाव बाहेरच्या जगाने ऐकलं ते १९९२ मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी इथे कुपोषणाने मुलं गेली तेव्हा. भात-नाचणी-वरईचं एक पीक घेऊन वर्ष काढणाऱ्या या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाशी कणगी रिकामी होते. निकोटिन भूक मारतं. आजी सांगायची, की आषाढात सकाळी पेज आणि दुपारी विडी, असे दिवस काढले. तिने स्वतः विडी ओढली नाही. तिची मिशेरी होती. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दात घासायचं निमित्त करून दिवसातून चार-पाच वेळा हिरडीला लावायची. महाराष्ट्रात बायकांची तंबाखू अशी चुलीजवळ राहिली, म्हणून ती कोणाला व्यसन वाटली नाही.

पोटातल्या बाळाला मात्र ती वाटते. २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गर्भवतींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. शहरातल्या धडधाकट बाळाला १०५ ग्रॅम कमी म्हणजे फार नाही. पण जिथे मुळातच दोन-सव्वादोन किलोंची बाळं जन्मतात तिथे ते १०५ ग्रॅम मोजायला लागतात. आई जी गोष्ट भूक मारायला वापरते तीच पुढच्या पिढीच्या वजनातून वसूल होते.

मोजणारी माणसं

तंबाखूचं नुकसान परदेशात कळलं आणि मग आपल्याकडे आलं, असंही मला वाटायचं. टाटा मेमोरियल रुग्णालय मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांचं काम वसंत रामजी खानोलकर या विकृतिशास्त्रज्ञाने उभं केलं. सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारं ब्रिटनमधल्या डॉल आणि हिल यांचं संशोधन १९५० चं. संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड-घशाचा कॅन्सर यांवरचा निबंध त्यानंतर पाचच वर्षांनी, १९५५ मध्ये, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत-संशोधन विभागाने पुणे जिल्ह्यातल्या गावांमध्ये जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली आणि ते निष्कर्ष १९७२ मध्ये छापून आले. एक लाखाहून अधिक माणसांना गावोगाव जाऊन 'आ' करायला लावायचं, हे काम किती चिकाटीचं असेल! आज आपण पाकिटावर जे चित्र बघून नजर फिरवतो त्यामागे अशी मोजणी आहे.

मोजणीतून आणखी एक गोष्ट निघाली. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकी जवळजवळ सगळी खाण्याची, लावण्याची, चघळण्याची. आणि देशभरात विडी ओढणारे ७.७ टक्के, तर सिगरेट ओढणारे ४ टक्के. सिनेमात, जाहिरातीत, ऑफिसच्या सूचनाफलकावर जी सिगरेट दिसते ती या चित्राचा छोटा कोपरा आहे.

कायदे आले. २००३ मध्ये तंबाखू-नियंत्रणाचा कायदा, २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीची कडक अंमलबजावणी, २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी, २०१९ मध्ये देशभर ई-सिगरेटवर बंदी. ज्या देशात कोपऱ्याकोपऱ्यावर विडी मिळते तिथे निकोटिनची वाफ बेकायदा आहे. जहांगीर असता तर त्याला फारसं आश्चर्य वाटलं नसतं.

विडीवर हात टाकताना सरकार का कचरतं, याचं एक कारण सोलापूरला दिसतं. विड्या वळणारे हात बहुतेक बायकांचे आहेत. घरी बसून, सुपात पानं आणि जर्दा घेऊन, हजाराच्या भावाने त्या विड्या वळतात. तंबाखूची धूळ त्यांच्याही छातीत जाते. त्यांच्यासाठी १९६६ मध्ये वेगळा कामगार कायदा झाला. सोलापूरजवळ कुंभारीला या कामगार बायकांनी सहकारी संस्था करून १०,००० घरांची वसाहत उभी केली, २००६ मध्ये घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचं.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ थांबलो. ज्या बाईने आमच्याकडच्या वारल्यांना वेठीतून उठवलं, तिच्या नावाच्या घरांमध्ये विडी वळली जाते. आणि ती विडी कुठल्यातरी वीटभट्टीवर, टेकायला कारण म्हणून, कोणीतरी पेटवतो. विडीच्या दोन्ही टोकांना हक्काची मजुरी मागणारीच माणसं आहेत. 'विडी वाईट, बंद करा' हे वाक्य त्या दिवसापासून मला पूर्वीइतक्या सहज म्हणता येत नाही. विडी वाईटच आहे. फक्त ते वाक्य तिथे संपत नाही.

माझी ओळ

आता माझी ओळ. ती कोणी आणि का घातली?

मी पहिली सिगरेट कॉलेजच्या पहिल्या वर्षात ओढली. हॉस्टेलवर मला सगळे 'मोखाडा' म्हणत. 'तुमच्याकडे लाइट आहे का?' असं हसत हसत विचारत. ॲडमिशन कशावर झाली हा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नसे, पण तो खोलीत असायचा. एका रात्री गच्चीवर चौघे उभे होते. त्यांच्यातल्या एकाने काही न बोलता पाकीट माझ्यापुढे धरलं. मी सिगरेट घेतली. मला खोकला आला, ते हसले, पण त्या हसण्यात मी आत होतो. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी मला नावाने हाक मारली.

म्हणजे आज्याने खळ्यावर जे केलं तेच त्या मुलाने गच्चीवर केलं होतं. तू आमच्यातला, असं दोघांनी सांगितलं. गच्चीवरचं मी स्वीकारलं आणि खळ्यावरचं नाकारलं. त्या दुपारी मी दिलेलं कारण आरोग्याचं होतं. खरं कारण वेगळं होतं. आपट्याच्या धुराचा वास मला ज्या गोष्टींपासून लांब जायचं होतं त्यांचा होता. सिगरेटचा वास मला जिथे पोचायचं होतं तिथला होता. फुप्फुस दोन्हीकडे एकच होतं.

२०२० च्या पावसाळ्यात आजा गेला. बरीच वर्षं दमा होता. शेवटच्या वर्षात डॉक्टरांनी विडी बंद केली होती आणि त्याने ती खरंच बंद केली. पण कोणी विडी पुढे केली की तो घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि कानावर ठेवायचा. कधी कधी संध्याकाळी त्याच्या दोन्ही कानांवर विड्या असायच्या. आम्ही हसायचो.

मी सिगरेट सोडली त्याला आता दीड वर्ष होईल. त्यात शौर्य काही नाही. निकोटिन झुरक्यानंतर दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून दर दोन तासांनी टपरी हाक मारते. हे कळल्यावर निदान तो आपल्या स्वभावाचा दोष नाही एवढं समजलं. सोडल्यावरचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट असतात, तीन-चार आठवड्यांत तलफेची धार कमी होते. मी निकोटिनचं चिंगम वापरलं. दोनदा घसरलो. २०१८ च्या सप्टेंबरपासून पाकिटांवर एक मोफत नंबर छापतात, १८००-११-२३५६. त्यावरही फोन केला. पलीकडच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही सिगरेट ओढता तेव्हा आणखी काय काय करता?" मी म्हटलं, काहीच नाही, उभा राहतो. त्या म्हणाल्या, "मग उभं राहणं सोडू नका." मी अजूनही दुपारी टपरीवर जातो. चहा घेतो, उभा राहतो. सवय झाली लोकांना.

पिशवीतल्या तंबाखूला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. आज्याला विसावा हवा होता, आजीला पोटभर जेवण हवं होतं, मला चार माणसांत जागा हवी होती. या गोष्टी विकत घ्यायच्या नव्हत्या, हक्काने मिळायच्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत तिथे तंबाखू मिळाली. ती स्वस्त होती, जवळ होती आणि कोणीतरी प्रेमाने किंवा मतलबाने पुढे धरत होतं. म्हणून कोणाच्या हातातली विडी काढून घ्यायची असेल तर त्याच्या हातात दुसरं काय ठेवणार, हे आधी ठरवायला हवं. मी त्या दिवाळीत आज्याला फक्त भाषण दिलं होतं.

गेल्या दिवाळीत पुन्हा खळ्यावर होतो. 'शिकेल आहे तो' म्हणणाऱ्या काकाने बंडलातली विडी काढली आणि सवयीने सगळ्यांपुढे फिरवत आणली. माझ्यापाशी येऊन त्याचा हात जरा अडखळला. मी विडी घेतली, कपाळाला लावली आणि कानावर ठेवली.

काका माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हाताऱ्याची खोड."

मी घोटीहून गूळ आणि भाजलेले शेंगदाणे आणले होते. पिशवी सगळ्यांमध्ये फिरवली. सगळे टेकून खात बसले, पाच मिनिटांऐवजी चांगली वीस मिनिटं झाली. काकानेही दोन मुठी खाल्ल्या, हात झाडले, आणि मग विडी पेटवली.